मेईर आणि मुलगा

बिलं लिहायचा शुक्रवार आला की नेहेमियाच्या घरात भांडण ठरलेलं. महिना उलटला की येमिमा बेर्शेब्याहून सकाळच्या बसने येई. तिथे ती इस्पितळाच्या हिशेबखात्यात कामाला होती. आल्या आल्या आईच्या हातच्या तांदळाच्या भाकरीचा तुकडा दाताखाली धरून ती बिलबुक उघडी, दोन पानांमध्ये कार्बन सरकवी आणि हाक मारी, "अबा, या लवकर. शब्बाथ लागायच्या आत संपवू." शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारचा शब्बाथ लागे, मग पेन धरायचं नाही. नेहेमियाला प्रार्थनेची हिब्रू तोंडपाठ होती. पण बिलाची हिब्रू वेगळी. ती देवाला कळत नाही आणि प्रार्थनेची इन्कमटॅक्सवाल्याला कळत नाही. म्हणून बाप माल पोचवल्याच्या चिठ्ठ्या वाचून दाखवी आणि लेक लिही. कुठल्या तरी चिठ्ठीवरून दोघांची जुंपे, शुलामित गॅसपाशी उभी राहून दोघांनाही झापे आणि मग सगळे जेवायला बसत. त्या भांडणाचं कोणी मनावर घेत नसे.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यातला तो शुक्रवार मात्र वेगळा निघाला.

नेहेमियाचा धंदा पॅलेटचा. अश्दोदच्या बंदरात संत्र्यांची खोकी ज्या लाकडी तळावर रचून जहाजात चढवतात, ते पॅलेट. मोडलेले घ्यायचे, पहारीने उचकटायचे, जंबुराने खिळे उपसायचे, कुजली फळी काढून नवी ठोकायची आणि परत द्यायचे. बरी संधी मिळाली तर नवेही करायचे. कोकणातून इस्राएलला आल्यापासून बंदरावर वर्षानुवर्षं ओझी वाहून कंबर गेल्यावर त्याने मोशावात, म्हणजे शेतकऱ्यांच्या त्या वस्तीत, एक बंद पडलेली पोल्ट्री भाड्याने घेतली. लाकूडवाल्या अहरोनकडून करवतीचं मशीन उधारीवर उचललं. चारी बाजूंना संत्र्यांच्या बागा, मधे वाळूचा रस्ता आणि टोकाला ही पोल्ट्री. पाऊस पडला की जमिनीतून कोंबड्यांचा वास वर येई आणि फळ्यांच्या वासाशी झोंबे. नेहेमिया म्हणे, "बापाचा घाणा होता, माझा खुराडा हाय. पण मालक आमी दोगंबी."

किरकोळ गिऱ्हाइकं चार-सहा होती. पण ज्याच्यावर घर चालायचं ते गिऱ्हाइक एकच. शेजारच्या मोशावातलं मेईरचं पॅकिंग हाऊस. फाटकावर निळ्या रंगात मोठी पाटी होती : मेईर आणि मुलगा. पाटी लावली तेव्हा मुलगा शाळेत होता. त्याचं नाव अमिराम. पुढे तो फोर्कलिफ्ट चालवायला लागला आणि पॅलेट न्यायला आपणच येऊ लागला. "दोद नेहेमिया," म्हणजे काका, अशी लांबूनच आरोळी ठोकी, शुलामितच्या हातची माशाची आमटी पितापिता नाकाडोळ्यांतून पाणी काढी आणि पुन्हा वाटी पुढे करी. पल्टणीत गेला तरी रजेवर आला की चक्कर असेच. त्याच हिवाळ्याच्या तोंडावर लेबनॉनातून त्याची शवपेटी आली.

"आता मेईरचं," येमिमा म्हणाली आणि तिने पान उलटलं.

"त्याचं ऱ्हाऊ दे," नेहेमिया बोलला.

"राहू दे म्हणजे? अबा, मेईरचं बिल हेच आपलं बिल. बाकीची काय, नखाएवढी."

"त्यांच्या घरी दुखवटा हाय."

"घरी आहे. ऑफिसात नाही."

"वर काय लिवणार तू? पैल्या वळीत?"

"गिऱ्हाइकाचं नाव. दुसरं काय? मेईर आणि..." म्हणता म्हणता येमिमाचंच पेन थांबलं. शुलामितने गॅस बारीक केला.

"तेच," नेहेमिया म्हणाला. "त्या बापाच्या टेबलावर महिन्याभराच्या आत मी असला कागद धाडू? आन् खाली लिवू की एवढे पैसे दे?"

त्याच्या बापाची रीत त्याने लेकीला पुन्हा सांगितली. तिने ती दहादा ऐकली होती. रोह्याकडच्या गावात त्यांचा तेलाचा घाणा. शनिवारी घाणा बंद म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. गावभर उधारी पसरलेली. पण ज्या घरात माणूस गेलं, त्या घरी तेल पोचवायचं आणि तोंड शिवून परत यायचं. त्या घरचा पहिला सण पार पडेपर्यंत उधारीचा विषय नाही. घर मुसलमानाचं असो, आगऱ्याचं असो, नाहीतर आपलं. बाप म्हणे, ज्याच्या दारातून मयत निघालंय, त्याच्या दारात मागणाऱ्याने उभं राहू नये.

"त्यांचा पैला मोठा सण पेसाह, एप्रिलातला. पेसाह होऊ दे. मंग समदं एकदम लिवू."

"पेसाहपर्यंत?" येमिमाने पेन आपटलं. "अबा, पेसाहपर्यंत त्या शेकेलची चिंधी होईल! अंड्यांचा भाव दुकानदार पेन्सिलीने लिहितो, माहीत आहे का? दर आठवड्याला खोडावा लागतो म्हणून. तुमच्या बापाच्या गावात आणा होता तो वर्षभर आणाच राहायचा. इथे नाही राहत."

"पैसं काय पळून जातात?"

पैसे पळून जात नव्हते हे खरं. ते जागच्या जागी विरघळत होते. पण नेहेमियाच्या डोळ्यांसमोर तेव्हा पैसे नव्हतेच. शिवाच्या, म्हणजे सात दिवसांच्या सुतकाच्या, सातव्या दिवशी मेईर जमिनीवर बसला होता, सदऱ्याचा गळा फाडलेला, आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारत होता, "तुम्ही त्याला ओळखत होतात?" ते त्याला दिसत होतं. येमिमाने आईकडे पाहिलं. आई नेहमी तिच्या बाजूची असे.

"ऱ्हाऊ दे गं," शुलामित म्हणाली. "दोन-चार महिन्यांनी काय मरत नाय आपुन."

हे वाक्य पुढे तिला फार महागात पडलं. पण त्या दिवशी ती मनापासूनच बोलली होती, येमिमानेही पान परत उलटलं, आणि तिघांनाही आपण बरोबर केलं असं वाटलं होतं.

हंगाम दणक्यात लागला. संत्र्यांचे ट्रक रांगेने जात आणि पॅलेट मोडून परत येत. नेहेमिया पहाटे शेडचं दार ओढी ते अंधार पडेपर्यंत आत. पाऊस असला की पत्र्यावर असा आवाज होई की करवत चालू आहे की बंद, हे हात लावूनच कळे. उपसलेले खिळे तो लोखंडी तुकड्यावर ठेवून हातोडीने सरळ करी, कारण नवे खिळे आता तोळ्याने घ्यावेत अशा भावाचे झाले होते. बोटांत कुसळं भरत, पिकत. शुलामित सुई तापवून ती काढी आणि काढताना बडबडे. तिनेही काम धरलं होतं. मेईरच्याच पॅकिंग हाऊसमध्ये, फळं निवडायच्या पट्ट्यापाशी, रोजावर. दिवसभर उभं राहून तिच्या पोटऱ्या सुजत आणि अंगाला सालींच्या तेलाचा वास येई. पण तिच्या रोजाची गंमत अशी होती की दर थोड्या दिवसांनी तो आपोआप वाढे. भाव चढले की सरकारच्या महागाईच्या इंडेक्सप्रमाणे मजुरी चढे.

"बगा," ती पाकीट ठेवत म्हणे, "मी मजूर, तर माजा पैसा वाढतोय. तुमी मालक, तुमचा आटतोय."

"पेसाह होऊ दे," नेहेमिया म्हणे.

अहरोनचा ट्रक लाकूड घेऊन आला तेव्हा त्याने फळ्या उतरवायच्या आधी हिशेब काढला. अहरोन लाकूड डॉलरच्या भावाने विकी. म्हणजे देणं कागदावर जिथल्या तिथे राही आणि शेकेलमध्ये रोज फुगे. बाजूच्या मोशावातले दोघे जण ट्रकला टेकून ऐकत होते.

"मागचं दे, मग हे उतरव," अहरोन म्हणाला.

"देतो. मेईरच्या बिलाचे पैसे यायचेत." नेहेमियाची हिब्रू अशा वेळी जास्तच अडखळे.

"यायचेत? तू बिल पाठवलंस का?"

नेहेमियाने खरं ते सांगितलं. त्या दोघांतला एक जण हसला. अहरोन हसला नाही.

"माझा धाकटा भाऊ त्र्याहत्तरात गेला," तो म्हणाला. "शिवा संपला आणि दुसऱ्या दिवशी मी गोदाम उघडलं. गिऱ्हाइकं आली, बिलं आली. बरं वाटलं. तू कुठल्या जगातला आहेस? मी लाकूड विकतो, नेहेमिया. तुझ्या गिऱ्हाइकाचं दुःख मी विकत घेत नाही. पेसाहनंतर थांबणार नाही. मशीन माझं आहे, विसरू नकोस."

फळ्या त्याने दिल्या, पण अर्ध्याच. आणि माणूस दिला नाही उतरवायला. नेहेमियाने गेलेल्या कंबरेने एकट्याने त्या उतरवल्या आणि ते दोघे बघत राहिले. संध्याकाळी त्याला वाकून बूट काढता येईनात. शुलामितने काढले.

मशीन गेलं म्हणजे धंदा गेला, हे दोघांनाही माहीत होतं. हातकरवतीने पॅलेटची फळी कापत बसलं तर दात कोरून पोट भरण्यातला प्रकार. बंदरावर परत त्याला या वयात, या कंबरेने, कोणी उभं केलं नसतं. कुठे रात्रीचं राखण मिळालं तर मिळालं. म्हणून शुलामित अधूनमधून म्हणे, "एकदा जाऊन नुसतं सांगा तरी त्याला. बिल ऱ्हाऊ दे."

संधी नव्हती असं नाही. अमिराम गेल्यापासून नेहेमियाच मागून आणलेल्या ट्रॅक्टरवर पॅलेट पोचवायला जाई तेव्हा मेईर बहुतेक फाटकाशी आपल्या पिकअपमध्ये बसलेला असे. ऑफिसात जातच नसे. गाडी बंद, काचा वर. एकदा काच खाली करून त्याने विचारलं, "नेहेमिया, कसं चाललंय?"

"ठीक," नेहेमिया म्हणाला. "तुझं?"

मेईरने मान हलवली आणि काच वर केली. नेहेमिया रिकामा ट्रॉली-ट्रॅक्टर घेऊन परतला. रस्ताभर स्वतःला शिव्या दिल्या आणि शेवटी, बरंच झालं बोललो नाही, असं ठरवून घरात शिरला. भिडस्त माणसाला असं ठरवता येतं, तेवढीच त्याची कमाई.

पेसाह झाला. त्या सात दिवसांत वर्ज्य असलेली यीस्टची भाकरी पुन्हा घरात आली त्या शुक्रवारी येमिमा बिलबुक घेऊन बसली. हिवाळ्याच्या सगळ्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून झाल्या.

"भाव आजचा लावू?"

"चिठ्ठीवर तवाचा भाव हाय ना? त्यानं सही केलीय त्यावर. मंग तोच."

"निदान इंडेक्सचा फरक लावते."

"त्याला न विचारता? नको."

"बरं. नाव सांगा."

नेहेमिया उठला, खिडकीपाशी गेला आणि परत आला. "मेईरचं पॅकिंग हाऊस, एवढंच लिव."

"अबा, नाव पूर्ण लागतं. नोंदवलेलं."

"साऱ्या मुलखाला ठाव हाय मेईर कोन ते. पोस्टमनलाबी ठाव हाय. तो शब्द नको लिवू तू. पैल्यांदाच कागद जातोय आपला, पेसाहला खुर्ची रिकामी बगून बसलेला माणूस तो."

येमिमाला चूक कळत होती. हिशेबखात्यात तिने याहून लहान चुकांची बिलं परत पाठवलेली होती. पण बापाचा चेहरा पाहून तिचा जोर गेला, आणि तिने लिहिलं : मेईर, पॅकिंग हाऊस. आणि मुलगा, हे शब्द गाळले. बिल बुकातून कर्रकन फाडून काढलं, पाकिटात घातलं आणि पाकीट आईकडे दिलं. दुसऱ्या दिवशी शब्बाथ, रविवारी शुलामितने ते कामावर नेऊन ऑफिसातल्या शोशीच्या हातात ठेवलं.

मग वाट बघणं. हंगाम संपत आला. शुलामितचा रोज बंद झाला. महिना सरत आला तेव्हा पाकीट पोस्टाने परत आलं. वर लाल पेन्सिलीने रेघ.

नेहेमिया अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून शोशीकडे गेला. शोशी चष्मा कपाळावर चढवून हिशेब करी, तरणीच होती, पण ऑफिस तीच चालवत होती.

"नाव चुकलंय," ती म्हणाली. "या नावाचा धंदाच नाही. हे मी कुठे धरू? कर-खातं मला फाडून खाईल. मेईर आणि मुलगा, असं लिहून आण."

"नाव... अजून तेच?"

"मग काय बदलेल?" तिने बिल पुन्हा उलटून पाहिलं. "आणि हे काय? हिवाळ्यापासूनचं? इतके महिने झोपला होतास?"

नेहेमियाने सांगितलं. सांगताना त्यालाच ते लहान मुलाच्या सबबीसारखं वाटायला लागलं. शोशीने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"त्या आठवड्यातसुद्धा सगळ्यांची बिलं आली," ती म्हणाली. "खोकीवाल्याचं, डिझेलचं, विजेचं. खोकीवाला स्वतः शिवाला येऊन बसला, रडला आणि जाताना पाकीट माझ्या हातात देऊन गेला. मी सगळी वेळेवर चुकती केली. तुझं असतं तर तुझंही केलं असतं."

"आता... इंडेक्सचा फरक?"

"माझ्या हातात नाही. चिठ्ठ्यांवर जुना भाव आहे, मी तोच धरणार. मेईर म्हणाला तर एका सहीत होईल. विचार त्याला. तो नाही म्हणेल असं मला वाटत नाही." तिने बिल त्याच्याकडे सरकवलं. "नवीन आण. या महिन्याच्या अखेरीपासून साठ दिवसांनी चेक. तो नियम सगळ्यांनाच आहे."

नवीन बिल येमिमाने लिहिलं. पूर्ण नावाने. नेहेमिया तेव्हा घरात थांबला नाही. वर आणखी एक गंमत झाली. बिल फाडलं की त्यावरचा सरकारी कर पुढच्या महिन्याच्या मध्याला भरायचा. पैसे मिळोत न मिळोत. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. तो कर येमिमाने आपल्या पगारातून भरला आणि त्या महिन्यात ती घरी आली नाही, बसचं भाडं महाग झालंय म्हणाली.

उन्हाळा तापला. वाळवंटाकडून गरम वारा सुटला की शेडमधल्या फळ्या आपोआप तडकत. काम नव्हतं. तरी नेहेमिया रोज दार ओढून आत जाई, करवतीच्या पात्यावर तेलाचा हात फिरवी, जमीन झाडी. अहरोनचा निरोप आला : चेक आल्याबरोबर सगळं देणं एकदम, नाहीतर त्यानंतरच्या रविवारी माणसं मशीन न्यायला येतील. डॉलरच्या भावात तो चेक किती झाला असता, हे शेजारच्या शाळकरी पोरालाही सांगता आलं असतं. हिवाळ्यात त्यात अहरोन फिटून वर चार पैसे उरले असते. आता अहरोनच्या देण्याचा तिसरा हिस्सा भागला तर नशीब. मेईरने फरक दिला, तरच मशीन राहणार. एवढी सरळ गोष्ट होती.

शुलामितने ती त्याच्याकडून घोकून घेतली. भीड ही भिकेची बहीण, हे तिने त्याला सकाळ-संध्याकाळ ऐकवलं. मग हिब्रू वाक्य शिकवलं, कारण पट्ट्यापाशी उभी राहून तिची हिब्रू त्याच्यापेक्षा सुधारली होती. "मेईर, भाव फार चढले. इंडेक्सचा फरक दे, नाहीतर माजं मशीन जाईल. म्हना."

नेहेमिया म्हणे. खिळे सरळ करताना म्हणे, आंघोळीला म्हणे. गोठ्यात मंत्र म्हणणाऱ्या भगतासारखं ओठ हलवत तो अंगणात फिरे. दोनदा मेईरच्या फाटकापर्यंत जाऊनही आला. एकदा तो बंदरावर गेलेला, एकदा झोपलेला. झोपलेल्याला उठवायचं नाही म्हणून हा परतला.

"बैल गेल्यावर झोपा करनार तुमी," शुलामित म्हणाली.

आणि मग मेईर स्वतःच आला. चेकचा दिवस उलटल्यावरच्या शुक्रवारी, दुपार कलताना. पिकअप शेडबाहेर लावून, हातात पाकीट घेऊन आत शिरला. वाळला होता. दाढी पांढरी झाली होती. उभ्या फळ्या, झाडलेली जमीन बघत तो पॅलेटच्या थप्पीवर टेकला. नेहेमियाने मडक्यातलं पाणी दिलं. दारापलीकडे शुलामित वाळत घातलेले कपडे काढत होती. ती तिथेच थांबली.

"तुझा चेक," मेईरने पाकीट थप्पीवर ठेवलं. "शोशी पोस्टाने पाठवणार होती. म्हटलं मीच जातो. मला तुला एक विचारायचंय."

"विचार."

"पेसाहनंतर तू बिल पाठवलं होतंस. पहिलं. शोशीने परत करायच्या आधी मला दाखवलं. त्यावर नाव अर्धं का होतं?"

नेहेमियाने पाठ केलेलं वाक्य तोंडाशी आणलं होतं, ते आत गेलं. "चूक झाली," तो म्हणाला.

"चूक नाही. इतकी वर्षं तुझी बिलं आली, एकदाही चुकलं नाही." मेईर पाण्याच्या पेल्याकडे बघत बोलत होता. "वकील म्हणाला, नाव बदल, नवी कंपनी कर, फायदा होईल. बायको म्हणाली, पाटी उतरव, मला त्या फाटकातून जाववत नाही. मी नाही उतरवली. तुला सांगतो, ऑफिसात मी काही करत नाही. महिन्याच्या शेवटी शोशीकडून सगळी बिलं मागून घेतो. खोकी, डिझेल, वीज. आकडे बघत नाही. वरची ओळ वाचतो. एकेकावर वाचतो. तो प्रत्येकावर असतो." तो थांबला. "हिवाळाभर तुझं आलंच नाही. त्याला तुझ्याकडे यायला आवडायचं, आणि तुझंच बिल नाही. मी शोशीला विचारायचो. आणि मग आलं, तर त्यात तू त्याला काढून टाकलेलं."

"तुला लागेल," नेहेमिया म्हणाला. हिब्रू शब्द त्याला सापडत नव्हते. "वाचलंस तर लागेल. आमच्यात... माझा बाप... दुःखाच्या घरी मागत नाही. नाव लिहिलं तर लागेल, म्हणून."

मेईरने मान वर केली. मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला आणि तो रडायला लागला. सातव्या दिवशी तो रडला नव्हता. आता गुडघ्यांवर कोपरं टेकून, तोंडातून आवाज काढून रडला. नेहेमिया पुढे झाला, त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठीचं हाड न् हाड हाताला लागत होतं. वाक्य त्याला आठवत होतं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत स्वच्छ आठवत होतं. पण रडणाऱ्या माणसाच्या पाठीवर हात ठेवून पैसे मागायला जे लागतं, ते त्याच्या बापाने त्याला दिलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने मेईरने बाहीने तोंड पुसलं आणि उठला. दारापाशी जाऊन वळला.

"तुझं काही अडलंय का, नेहेमिया? काही हवं असेल तर सांग. खरंच सांग."

दाराबाहेर शुलामितच्या हातातली चादर तशीच राहिली.

"नाही," नेहेमिया म्हणाला. "सगळं ठीक आहे. तू घरी जा, शब्बाथ लागेल."

पिकअप गेली. वाळूचा धुरळा बसेपर्यंत शुलामित बाहेरच होती. मग आत आली. पाकीट थप्पीवर तसंच होतं.

"त्यानं तोंडानं इचारलं तुमाला," ती म्हणाली.

"व्हय."

"आन् तुमी ठीक हाय बोललात."

"रडत हुता गं तो."

"मी बगितलं," शुलामित म्हणाली. तिला ओरडायचं होतं. महिनाभर साठवून ठेवलेलं सगळं त्याच्या अंगावर टाकायचं होतं. पण तिनेही त्या पोराला आमटी वाढली होती, आणि आपण त्याच्या जागी असतो तर आपल्याला तरी मागता आलं असतं का, हे तिला सांगता येईना. तेव्हा तिला नवऱ्याहून जास्त स्वतःचाच राग आला. ती चादरीची घडी घालत राहिली आणि मग दिवे लावायची वेळ झाली म्हणून घरात गेली.

रविवारी सकाळी अहरोनची माणसं ट्रक घेऊन आली. चार जण होते. मशीन जमिनीला बोल्टांनी आवळलेलं, त्यातले दोन गंजलेले. कुठले ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून नेहेमियाने रॉकेल घालून ते स्वतः सैल करून दिले. त्यांनी चारी कोपरे धरले, एकदा जोर लावला, दुसऱ्यांदा लावला. मशीन जडशीळ, जागचं हलेना. एकाने कंबर धरली आणि इकडेतिकडे पाहिलं.

"पाचवा माणूस पाहिजे," तो म्हणाला.

नेहेमियाने बाह्या वर केल्या आणि मधल्या दांड्याला हात घातला.